फोटो एडिटिंगसाठी हलका लॅपटॉप घेताना: आधी स्क्रीन, मग बाकी सगळं

फोटोंसाठी पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा मी प्रोसेसर, रॅम आणि वजन या तीनच गोष्टी पाहिल्या होत्या. स्क्रीन 'फुल एचडी' आहे एवढं वाचून माझं समाधान झालं. त्यावर सहा महिने फोटो एडिट केले आणि मग भाचीचा एक फोटो मोठा करून छापून घेतला. लाल लोकरी स्वेटर घालून ती खिडकीशी बसली होती. प्रिंट हातात आली तेव्हा तिचा चेहरा नारिंगी झाला होता आणि स्वेटरची वीण पार नाहीशी होऊन तिथे नुसता लाल डाग उरला होता. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. माझ्या स्क्रीनला गडद लाल दाखवताच येत नव्हता, त्यामुळे प्रत्येक फोटो मला फिका वाटायचा आणि मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवत राहायचो. वाढता वाढता फाइलमधला लाल शाईच्या आवाक्याबाहेर गेला.

प्रोसेसर थोडा मंद असला तर काम उशिरा होतं, पण होतं. स्क्रीन चुकीची असली तर काम चुकतं आणि चुकलंय हे आपल्याला दिसतही नाही. म्हणून हा लेख स्क्रीनपासून सुरू होतो आणि बराचसा स्क्रीनवरच रेंगाळतो.

हाताशी काय काय ठेवायचं

लॅपटॉप बघायला निघण्याआधी एक पेनड्राइव्ह तयार करा. त्यात हे टाका:

- स्वतः काढलेले पाच-सहा फोटो, जेपीईजी स्वरूपात, एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगमर्यादेत एक्स्पोर्ट केलेले. एकात माणसाचा चेहरा हवा, एकात गडद लाल किंवा हिरवं काहीतरी, एकात मोकळं निळं आकाश, एकात खोल सावल्या आणि एक कृष्णधवल.
- पूर्ण पांढरी, पूर्ण काळी आणि मध्यम करडी अशा तीन सपाट प्रतिमा. कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत तयार होतात.
- काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू जाणारा एक ग्रेडियंट.
- तुमच्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन रॉ फाइल, म्हणजे जेपीईजी होण्याआधीच्या मूळ फाइल.

यातल्याच एखाद्या फोटोची चांगली छापलेली, तुम्हाला पसंत असलेली प्रिंट असेल तर तीही सोबत घ्या. आणि एक वही. मॉडेलचे पूर्ण क्रमांक डोक्यात राहत नाहीत, ते लिहूनच ठेवावे लागतात.

१. फोटो शेवटी कुठे जाणार, ते आधी ठरवा

तुमचे फोटो मुख्यतः मोबाइलवर आणि वेबवर बघितले जाणार असतील, तर एसआरजीबी ही रंगांची मर्यादा पूर्ण दाखवणारी स्क्रीन पुरे. ही मर्यादा १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आखली आणि आजही वेबवरचा सर्वसाधारण व्यवहार तिच्यातच चालतो. फोटो छापायचे असतील, विशेषतः चांगल्या इंकजेट प्रिंटरवर, तर अडोबी आरजीबी उपयोगी पडतं. ते १९९८ चं. त्यात हिरवा आणि निळसर-हिरवा जास्त खोलवर जातो. तिसरी मर्यादा पी३. ती मूळची डिजिटल सिनेमाची. लाल-नारिंगीच्या बाजूला ती एसआरजीबीपेक्षा बरीच पुढे जाते आणि आजचे बरेच चांगले मोबाइल आणि लॅपटॉप तिच्यावरच बेतलेले असतात.

नवशिक्याने काय धरावं? माझ्या मते, एसआरजीबी जवळजवळ पूर्ण ही किमान अट ठेवा आणि पी३ मिळत असेल तर घ्या. अडोबी आरजीबी पूर्ण दाखवणारे हलके लॅपटॉप कमी असतात. त्यांच्यासाठी अडून बसण्यापेक्षा, छपाईचं काम वाढल्यावर घरी एक वेगळा मॉनिटर जोडणं सोयीचं पडतं.

दुसरा प्रश्न: एडिटिंग कुठे करणार? एका ठरावीक टेबलाशी, की प्रवासात, खिडकीशेजारी, उन्हाच्या झोतात? ब्राइटनेस आणि चकाकीचा निर्णय या उत्तरावर अवलंबून आहे.

२. पॅनेलचा प्रकार

पॅनेल म्हणजे स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग. तो टीएन या स्वस्त प्रकारचा असेल तर पुढचं काही वाचू नका, तो लॅपटॉप यादीतून काढा. मान दोन इंच वरखाली केली तरी त्यावर फोटो उजळतो किंवा काळवंडतो. मग फोटो बरोबर उजळलाय की नाही हे ठरवायचं कसं?

आयपीएस हा बहुतेकांसाठी सरळ, बिनभानगडीचा पर्याय. बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. उणीव एकच, त्याचा काळा रंग पूर्ण काळा नसतो. मागचा दिवा सतत जळत असल्यामुळे अंधाऱ्या खोलीत तो गडद करडा दिसतो.

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा. रंगही सहसा पी३पर्यंत पोचतात. बघताक्षणी मोहात पाडणारी स्क्रीन आहे ही, पण घेण्याआधी तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे, ब्राइटनेस कमी केल्यावर अनेक ओलेड स्क्रीन भराभर उघडझाप करतात. डोळ्यांना ती सरळ दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखायला लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर वेगवान करून स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तासन् तास बसणाऱ्याने विचार करावा. दुसरं म्हणजे, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पट्ट्या रोज त्याच जागी राहतात आणि वर्षानुवर्षांनी त्यांचा ठसा पडू शकतो. टास्कबार आपोआप लपेल असं ठेवणं आणि सॉफ्टवेअरचा रंग गडद ठेवणं एवढी काळजी घ्या. तिसरी गोष्ट छापणाऱ्यांसाठी: ओलेडवर सावल्यांमधले जे बारकावे सुटे सुटे दिसतात ते कागदावर एकमेकांत मिसळतात, कारण कागदाचा काळा तेवढा काळा नसतोच.

मिनी-एलईडी हा आणखी एक प्रकार. यात मागचे दिवे शेकडो-हजारो छोट्या भागांत वाटलेले असतात. काळा चांगला मिळतो, मात्र काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती कधीकधी हलकी प्रभा दिसते. फोटोंमध्ये ती क्वचितच त्रास देते.

३. रंगांचे आकडे कसे वाचायचे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं सावकाश.

स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं की थांबा. एनटीएससी ही १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीची मर्यादा. तिचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५ टक्के. माझा तो लाल स्वेटर खाणारा लॅपटॉप नेमका याच जातीचा होता. '७२ टक्के एनटीएससी' म्हणजे मात्र जवळजवळ पूर्ण एसआरजीबी, ते चालेल. ४५ आणि ७२ हे दोन आकडे पाठ करून ठेवा. बऱ्याच कागदांवर दुसरं काही छापलेलंच नसतं. आणि रंगांचा आकडाच दिला नसेल, तर तो सांगण्यासारखा नाही असं धरून चला.

दुसरी फसगत क्षेत्रफळाची. '१३० टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ स्क्रीनच्या रंगांचं क्षेत्रफळ एसआरजीबीच्या १३० टक्के आहे, इतकंच. एसआरजीबीचा प्रत्येक रंग त्यात बसतोच असं नाही. एका बाजूला भरपूर पुढे आणि दुसऱ्या बाजूला तोकडी अशी स्क्रीन असू शकते. तुम्हाला हवा तो शब्द म्हणजे 'कव्हरेज'. एसआरजीबी कव्हरेज ९५ टक्क्यांच्या वर, किंवा पी३ कव्हरेज ९५ टक्क्यांच्या आसपास, हे शोधा.

तिसरा आकडा डेल्टा ई. स्क्रीनला जो रंग दाखवायला सांगितला आणि तिने जो दाखवला, त्यांतलं अंतर म्हणजे डेल्टा ई. १ च्या आसपास फरक जेमतेम जाणवतो. सरासरी २ च्या खाली असेल तर डोळे मिटून काम सुरू करा. ४-५ असेल तर कॅलिब्रेशन (उपकरणाने रंग मोजून स्क्रीन दुरुस्त करणं) केल्याशिवाय रंगांवर विश्वास ठेवू नका. हा आकडा कॅलिब्रेशनने सुधारतो, कव्हरेज सुधारत नाही. जो रंग पॅनेलमध्ये नाहीच, तो कुठलंही उपकरण आणून देणार नाही. म्हणून निवड करताना कव्हरेजला पहिला मान द्या.

चौथा आकडा बिटचा, म्हणजे पॅनेल किती रंगछटा दाखवू शकतं त्याचा. ८ बिटच्या पॅनेलवर १ कोटी ६७ लाख रंगछटा मिळतात. ६ बिटवर फक्त २ लाख ६२ हजार, आणि उरलेल्या छटांचा भास पिक्सेल भराभर बदलून निर्माण केला जातो. स्वस्त पॅनेलवर आकाशात पायऱ्या दिसतात त्यामागे बहुधा हेच कारण असतं. १० बिटमध्ये १०७ कोटी छटा. असल्या तर छान, नसल्या तर अडत नाही.

जास्त रंगांच्या स्क्रीनचाही एक सापळा आहे. विंडोजमध्ये रंग सांभाळण्याचं काम प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं करतं. लाइटरूम, फोटोशॉप, डार्कटेबल, रॉथेरपी ही ते नीट करतात. पण एखादा साधा फोटो व्ह्यूअर ते करत नसेल, तर पी३ स्क्रीनवर एसआरजीबी फोटो भडक दिसतो. नवीन माणूस गोंधळतो आणि फोटो फिका करायला घेतो. माझ्या चुकीच्या बरोब्बर उलटी चूक. म्हणून पी३ स्क्रीन घेताना तिला एसआरजीबी मोड आहे का ते बघा. मॅकमध्ये रंग सांभाळणं मुळातच यंत्रणेत बसवलेलं असल्याने हा गोंधळ फारसा होत नाही.

४. ब्राइटनेस आणि चकाकी

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सची स्क्रीन दिवसा खिडकीजवळ निरुपयोगी ठरते. ३०० ही किमान पातळी, ४०० असेल तर निवांत. आता गंमत बघा, छपाईसाठी फोटो एडिट करताना स्क्रीन ८० ते १२० निट्सवरच ठेवायची असते. मग ४०० कशाला? एक तर खोली उजळ असेल तेव्हा जागा हवी. दुसरं म्हणजे दिवा वर्षांगणिक मंद होत जातो.

'प्रिंट फार काळी आली' ही तक्रार करणारे बहुतेक जण पूर्ण ब्राइटनेसवर एडिट करत असतात. स्क्रीन झगझगीत असते, म्हणून फोटो उजळ वाटतो, म्हणून तो आणखी गडद केला जातो. ब्राइटनेस खाली आणा, तक्रार बहुतेक मिटते.

चकचकीत काच की मॅट? चकचकीत स्क्रीनवर रंग आणि सावल्या जास्त खोल दिसतात, पण मागची खिडकी आणि आपला स्वतःचा पांढरा शर्टही दिसतो. सतत जागा बदलणाऱ्याने मॅट घ्यावी असं मला वाटतं. ओलेड बहुधा चकचकीतच मिळतो, तेव्हा बसायची जागा तशी निवडावी लागते. आणि एडिट करताना शक्यतो गडद, रंगहीन कपडे घाला. हे अति वाटेल, पण पिवळ्या शर्टाचं प्रतिबिंब पांढऱ्या भागावर पडतं आणि मग व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी) निळ्याकडे ढकलला जातो.

५. आकार, प्रमाण आणि पिक्सेल

१४ इंच हा प्रवास आणि काम यांतला चांगला मध्य आहे. १३ इंचावर सॉफ्टवेअरच्या पट्ट्या डावी-उजवीकडची जागा खातात आणि फोटो मधे चिमटून बसतो. १६ इंचावर काम सुखाचं, पण पाठीवर वजन जाणवतं.

प्रमाणाकडे जरूर लक्ष द्या. १६:९ पेक्षा १६:१० किंवा ३:२ उत्तम. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० मिळालं तर उभ्या दिशेला १२० ओळी जास्त मिळतात. उभे फोटो एडिट करताना त्या ओळींची किंमत कळते.

पिक्सेलबद्दल: १४ इंचावर १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला सुमारे १६२ पिक्सेल, आणि २८८० बाय १८०० म्हणजे सुमारे २४३. दुसरी स्क्रीन निश्चित रेखीव दिसते आणि मी तीच घेईन. पण तिच्यावर १०० टक्के झूम केल्यावर नॉइज (फोटोतले दाणे) आणि शार्पनिंग (कडा रेखीव करणं) दोन्ही बारीक दिसतात, म्हणून शार्पनिंग जास्त मारलं जातं. अशा स्क्रीनवर शार्पनिंग तपासताना २०० टक्के झूमही करून बघा. हलक्या लॅपटॉपमध्ये ४के घेऊ नका. या आकारात डोळ्यांना फरक जेमतेम कळतो, बॅटरीला मात्र चांगलाच कळतो.

१२० हर्ट्झ, १६५ हर्ट्झ वगैरे आकडे, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते, फोटोंसाठी सोडून द्या. फोटो हलत नाही.

६. एकच नाव, चार पॅनेल

या पायरीवर मी दुसऱ्यांदा अडखळणार होतो. एका लॅपटॉपची चाचणी वाचली. स्क्रीनचं तोंडभर कौतुक होतं, एसआरजीबी कव्हरेज जवळजवळ शंभर. मॉडेलचं नाव लिहून दुकानात गेलो, तेच नाव समोर होतं, तोच रंग, तेच झाकण. स्वेटरचा फोटो उघडला आणि लाल पुन्हा विटकरी दिसला. त्याच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने तीन-चार वेगवेगळे पॅनेल बसवलेले असतात, आणि चाचणीला गेलेला लॅपटॉप वरच्या पॅनेलचा होता.

त्यामुळे नावावर जाऊ नका. नावामागचा पूर्ण क्रमांक घ्या. तो डब्याच्या लेबलवर आणि लॅपटॉपच्या तळाशी असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकून नेमकं पॅनेल कोणतं ते बघा. काही कंपन्या हे फार नीट मांडतात. लेनोवोची पीएसआरईएफ नावाची माहितीसाइट आहे, तिच्यावर प्रत्येक मॉडेलमधल्या सगळ्या पॅनेलची निट्स आणि रंगांसकट यादी सापडते. स्वतंत्र मोजमापांसाठी नोटबुकचेक ही साइट बघा. तिथे पॅनेलचा क्रमांकही दिलेला असतो.

तो क्रमांक पडताळायचा कसा? विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटरवर जा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. तिथे पॅनेल बनवणाऱ्याची तीन अक्षरं आणि पुढे काही आकडे-अक्षरं दिसतात: एयूओ, बीओई, एलजीडी, एसडीसी अशी. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच जास्त सविस्तर दाखवतं. चाचणीतल्या पॅनेलशी हे जुळलं तरच ती चाचणी तुमच्या लॅपटॉपबद्दल आहे.

मॅकमध्ये ही पाहणी करावी लागत नाही, एका मॉडेलला एकच जातीची स्क्रीन. एम२पासूनचा १३.६ इंची मॅकबुक एअर साधारण १.२४ किलोचा आहे. २५६० बाय १६६४, ५०० निट्स आणि पी३ रंग. त्याला पंखा नाही, म्हणून शेकडो फोटो एकदम एक्स्पोर्ट करताना तो तापून मंदावतो, आणि कार्डचा स्लॉटही नाही. १४ इंची मॅकबुक प्रोमध्ये मिनी-एलईडी, एसडी कार्डचा स्लॉट आणि फोटोसाठी तयार रेफरन्स मोड (रंग आणि उजेडाची ठरावीक सेटिंग) मिळतात. वजन साधारण १.६ किलो.

७. आतलं सामान

यावर लोक फार वेळ घालवतात, मी घालवणार नाही.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको, ३२ असेल तर उत्तम. हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की एक लेअर (एडिटिंगचा एक थर) साधारण १४४ एमबी घेतो. दहा लेअर, वर मागे जाण्यासाठी ठेवलेला इतिहास, शेजारी ब्राउझर, आणि १६ जीबी भरत येते. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा पैसे वाढवायचेच असतील तर ते स्क्रीननंतर रॅमवर वाढवा.

एसएसडी ५१२ जीबी चालते, १ टीबी सुखाची. ती बदलता येते का ते विचारा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये येते. मूळ फोटो तसेही बाहेरच्या ड्राइव्हवर, दोन प्रतींत ठेवायला हवेत.

प्रोसेसर गेल्या दोन-तीन वर्षांतला मधल्या वर्गातला कुठलाही पुरे. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच असं नाही. अपवाद एक: एआयने नॉइज काढायचं काम रोज करत असाल तर ग्राफिक्स कार्डामुळे मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. पण त्यासोबत वजन, पंख्याचा आवाज आणि जड चार्जर येतो.

८. वजन, बॅटरी, पोर्ट

वजन विचाराल तेव्हा चार्जरसकट विचारा. १.३ किलोचा लॅपटॉप आणि अर्ध्या किलोचा चार्जर हे पाठीला १.८ च वाटतं. यूएसबी-सीवर चार्ज होणारा घेतलात तर मोबाइल आणि लॅपटॉप एकाच छोट्या चार्जरवर भागतात.

बॅटरी तासांत सांगतात, ती वॉट-तासांत बघा. ६० च्या वर असेल तर बरं. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे, आणि हलके लॅपटॉप तिच्या आतच असतात.

एसडी कार्डचा स्लॉट असेल तर त्याचा वेगही विचारा. वेगाच्या दोन जाती नेहमी दिसतात: यूएचएस-१ ची कमाल १०४ एमबी प्रतिसेकंद, यूएचएस-२ ची ३१२. भरलेलं ६४ जीबी कार्ड पहिल्यावर साधारण १२ मिनिटं खातं, दुसऱ्यावर चार-पाच. कार्डही त्याच जातीचं हवं, नाहीतर फरक पडत नाही. स्लॉट नसेल तर चांगला कार्ड रीडर घ्या आणि तो बॅगेतून काढू नका.

९. दुकानात समोर बसून बघा

आता पेनड्राइव्ह बाहेर काढा. दुकानातल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा भडक रंगांचा डेमो व्हिडिओ चालू असतो. तो बंद करा. रंग भडक करणारा मोड आणि रात्रीचा पिवळसर मोडही बंद करा. मग या क्रमाने:

करडी प्रतिमा पूर्ण स्क्रीनभर लावा. चारी कोपरे आणि मध्य यांत फरक आहे का? एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट वाटते का? थोडासा फरक प्रत्येक स्क्रीनमध्ये असतो, पण बघताक्षणी खटकला तर नको.

काळी प्रतिमा लावा. शक्य असेल तर वरचे दिवे मालवायला सांगा, किंवा हाताने सावली करा. कडांमधून उजेड झिरपत असेल तर दिसेल. याच वेळी मेलेले आणि पेटून राहिलेले पिक्सेलही शोधा.

ग्रेडियंट लावा. पायऱ्या दिसल्या की पॅनेल कुठल्या दर्जाचं आहे ते समजतं.

मग फोटो. चेहऱ्याचा फोटो आधी बघा, कारण त्वचेचा रंग चुकला तर तो डोळ्यांना लगेच कळतो. सोबत प्रिंट आणली असेल तर ती शेजारी धरा. तंतोतंत जुळणार नाही, पण रंगांचा कल एकाच बाजूचा हवा. त्यानंतर माझा नेम तो लाल स्वेटर. चांगल्या स्क्रीनवर लोकरीचा एकेक टाका सुटा दिसतो: टाक्याच्या वरच्या बाजूला उजळ लाल, खोबणीत काळपट लाल. वाईट स्क्रीनवर दोन्हींचा मिळून एकच लाल. तुमच्याकडे स्वेटर नसेल तर लाल फूल, मखमल, असं काहीही चालेल. गडद रंग आणि त्यात बारीक पोत एवढंच हवं.

शेवटी चार्जर काढा. करडी प्रतिमा चालू असताना स्क्रीन आपोआप मंद झाली किंवा फोटो बदलल्यावर उजेड वरखाली झाला, तर बॅटरी वाचवणारी सोय चालू आहे. ती बंद करता येते का तेही तिथेच बघून घ्या. काही लॅपटॉपमध्ये येत नाही.

या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. विक्रेता घाई करत असेल तर नंतर या. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत लेखी बघून घ्या आणि हीच परीक्षा डबा उघडल्या दिवशी घरी करा.

१०. घरी आणल्यावर

बिल, वॉरंटीचा कागद आणि सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. डबा मुदत संपेपर्यंत टाकू नका. स्क्रीनवरचे मेलेले पिक्सेल किती असले तर बदलून मिळतात, हा नियम कंपनीगणिक वेगळा असतो. वॉरंटीच्या कागदात तो वाचा.

मग या गोष्टी बंद करा: नाइट लाइट (रात्रीचा पिवळसर मोड), खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा ब्राइटनेस, मॅक असेल तर त्याच उजेडाप्रमाणे रंग बदलणारा ट्रू टोन. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग आणि एएमडीमध्ये व्हेरी-ब्राइट नावाची सोय असते, तीही बंद करा. या दोन सोयी फोटोतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीन गुपचूप बदलतात. एडिट करणाऱ्याला यापेक्षा त्रासदायक काही नाही.

त्यानंतर कॅलिब्रेशन. त्यासाठी स्क्रीनवर टेकवायचा कलरिमीटर लागतो. कॅलिब्राइट आणि डेटाकलरचा स्पायडर ही त्यातली ओळखीची नावं. विकत घेणं जड वाटत असेल तर फोटो काढणाऱ्या चार मित्रांत मिळून एक घ्या, महिन्यातून एकदाच लागतो. ओलेड किंवा मिनी-एलईडी स्क्रीन असेल तर उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रकाराची निवड आहे ना, ते आधी बघा. चुकीच्या प्रकारावर मोजलं तर रंग सुधारण्याऐवजी बिघडतात. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच उपकरणांबरोबर चालतं.

मोजण्याआधी स्क्रीन अर्धा तास चालू ठेवा. काच पुसून घ्या. थेट ऊन येत नाही अशा जागी, रोज काम करता त्याच उजेडात बसा. सेटिंग अशी ठेवा: पांढरा बिंदू डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ ते ठरवणारा आकडा), ब्राइटनेस १०० ते १२० निट्स. तयार झालेली प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनच्या रंगांची नोंद असलेली फाइल, यंत्रणेत बसते आणि लाइटरूमसारखी सॉफ्टवेअर ती आपोआप वापरतात. पहिल्या दिवशी स्क्रीन पिवळट वाटेल. निळसर स्क्रीनची सवय झालेले डोळे दोन-तीन दिवसांत रुळतात. तोवर प्रोफाइल काढून टाकू नका.

आता एकच फोटो एडिट करा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी छापून घ्या. प्रिंट चांगल्या पांढऱ्या उजेडात धरा आणि स्क्रीनशी ताडून बघा. प्रिंट काळपट वाटली तर स्क्रीन आणखी १०-१५ निट्सनी खाली आणा आणि पुन्हा छापा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. मी भाचीचा तोच फोटो मूळ रॉ फाइलवरून नव्याने एडिट करून दिला होता. सॅच्युरेशनला हात लावायची गरजच पडली नाही, आणि या वेळी बाहीवरचे टाके मोजता येत होते.